कांद्याच्या भावाचे अंदाज आणि शोधनिबंध: पद्धत खरी की कालच्याच भावाची नक्कल?

आकडेमोड

कांद्याच्या भावाच्या अंदाजावर गेल्या काही वर्षांत शोधनिबंधांचं पीक आलंय. अरिमा (जुनं सांख्यिकी मॉडेल), एलएसटीएम (न्यूरल नेटवर्क), एक्सजीबूस्ट (निर्णयवृक्षांचं मॉडेल) आणि या सगळ्यांची कडबोळी. डेटा बहुतेक वेळा लासलगावचा. शेवटी एक आलेख असतो, त्यात खऱ्या भावाची आणि अंदाजाची रेघ एकमेकींना चिकटून धावतात, आणि खाली लिहिलेलं असतं, 'आर-वर्ग ०.९८'. वाचणाऱ्याला वाटतं, प्रश्न सुटला.

हे निबंध कसे वाचायचे आणि स्वतः अंदाज करायचा तर पद्धत कशी जोखायची, यासाठी हा धागा. सुरुवात मी करतो, भर घालाच.

पहिली गोष्ट, तो ०.९८. आर-वर्ग तुमच्या अंदाजाची तुलना संपूर्ण काळाच्या सरासरीशी करतो. कांदा कधी ५०० रुपये क्विंटल, कधी ५,०००. पण आज १,८०० असेल तर उद्या १,७५० ते १,८५० च्या आसपासच असणार. म्हणजे 'उद्याचा भाव = आजचा भाव' एवढं म्हणणाऱ्यालाही आर-वर्ग ०.९५ च्या वर सहज मिळतो. या बिनकष्टाच्या पद्धतीला नाईव्ह म्हणतात. निबंधातल्या तक्त्यात नाईव्हची ओळच नसेल, तर बाकीच्या ओळी वाचण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, त्या चिकटलेल्या रेघा. आलेख मोठा करून बघा. बहुतेक वेळा अंदाजाची रेघ म्हणजे खऱ्या भावाची रेघ एक दिवस उजवीकडे सरकवलेली असते. तपासायची सोपी युक्ती: अंदाजाची मालिका एक दिवस मागे सरकवा आणि चूक पुन्हा मोजा. चूक एकदम कोसळली, तर मॉडेल कालचा भाव छापतंय, शिकलेलं काही नाही.

तिसरी गोष्ट, एक दिवस पुढचा अंदाज हवाय कोणाला? एप्रिलमध्ये उन्हाळ (रब्बीचा, टिकाऊ) कांदा चाळीत भरायचा की विकून टाकायचा, हा खरा प्रश्न. त्यासाठी १२ ते २४ आठवडे पुढचा अंदाज लागतो. तिथे ०.९८ वगैरे काही उरत नाही.

सांख्यिकी_सुधा

अगदी. एका वाक्याची भर: परीक्षा कुठल्या काळावर घेतली तेही बघावं. शेवटचे २० टक्के दिवस टेस्टसाठी ठेवले आणि ते नेमके शांत वर्षात पडले, तर कुठलंही मॉडेल हुशार दिसतं. २०१९ चा शेवट किंवा २०२३ चा उत्तरार्ध टेस्टमध्ये आला की तेच मॉडेल गडगडतं.

वडाची_पारंबी

प्रश्न जरा मूलभूत आहे. नाईव्हसारख्या 'साध्या पद्धती चांगल्या' हे मत जुनं नाही का झालं? आता एवढी न्यूरल मॉडेलं आलीत. कोणी नीट तुलना केलीये का?

आकडेमोड

केलीये, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे. १९७९ मध्ये स्पायरोस मॅक्रिडाकिस आणि मिशेल इबॉं यांनी १११ मालिकांवर (काळाच्या क्रमाने नोंदलेल्या आकड्यांवर) तुलना करून रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध मांडला. निष्कर्ष असा की साध्या स्मूदिंगच्या (अलीकडच्या आकड्यांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीच्या) पद्धती बॉक्स-जेंकिन्ससारख्या (म्हणजे अरिमासारख्या) भारदस्त पद्धतींपेक्षा वाईट नाहीत, बऱ्याचदा सरस आहेत. तिथल्या सांख्यिकांनी बरीच झोड उठवली. तुम्हाला मॉडेल नीट बसवता आलं नाही, हा मुख्य आक्षेप. त्यावर मॅक्रिडाकिस यांनी उघड स्पर्धाच लावली: ज्याची पद्धत त्याने चालवावी. १९८२ ची पहिली एम स्पर्धा, १,००१ मालिका. निष्कर्ष तोच.

पुढे २००० मध्ये एम-३, ३,००३ मालिका. त्यात थीटा नावाची नवी पद्धत वरचढ ठरली. तीन वर्षांनी हाइंडमन आणि बिल्ला यांनी दाखवलं की थीटा म्हणजे साधं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, त्यावर मालिकेला बसवलेल्या सरळ रेषेच्या उताराच्या निम्मा उतार. एवढंच. ते 'निम्मा' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१८ ची एम-४ सगळ्यांत मोठी, १,००,००० मालिका. शुद्ध मशीन लर्निंगच्या सहा पद्धती उतरल्या होत्या. तीन साध्या स्मूदिंगची सरासरी हा जो तुलनेचा मापदंड होता, त्याला सहापैकी एकीलाही हरवता आलं नाही, आणि ऋतुमान (दरवर्षीचा ठरावीक चढउतार) काढलेल्या नाईव्हला फक्त एकीने हरवलं. जिंकले उबरचे स्लावेक स्मिल. त्यांची पद्धत संकरित होती: स्मूदिंगची समीकरणं आणि न्यूरल नेटवर्क एकत्र बसवलेलं. मापदंडापेक्षा सुधारणा जवळपास १० टक्के. पहिल्या १७ पद्धतींपैकी १२ पद्धती म्हणजे अनेक अंदाजांची सांगड होती.

आता तुमच्या बाजूचा पुरावा. २०२० ची एम-५, वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा: ३,०४९ वस्तू, १० दुकानं, तळाला ३०,४९० मालिका. तिथे लाइटजीबीएमने (एक्सजीबूस्टच्याच जातीचं मॉडेल) बाजी मारली, विजेता सर्वोत्तम मापदंडापेक्षा २२.४ टक्के पुढे. म्हणजे मशीन लर्निंग चालतं. पण ५,५०७ संघांपैकी त्या मापदंडाला, म्हणजे तळापासून बेरीज केलेल्या स्मूदिंगला, फक्त ४१५ संघांनी हरवलं.

सांख्यिकी_सुधा

एम-५ आणि कांदा यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. तिथे तीस हजार मालिका एकमेकींकडून शिकतात, शिवाय किंमत, सणवार, सवलत हे सगळं पुढच्या तारखांसाठीही माहीत असतं. कांद्याची एक बाजार समिती म्हणजे एक मालिका. पिंपळगाव, येवला, मनमाड, सोलापूर, चाकण, पुणे असे वीस बाजार जोडले तरी स्वतंत्र माहिती वीसपट होत नाही, कारण सगळे भाव एकत्रच वरखाली होतात. पंधरा वर्षं म्हणजे उन्हाळ कांद्याचे पंधरा हंगाम. एलएसटीएमचे हजारो गुणांक पंधरा हंगामांवर शिकवणं मला तरी पटत नाही.

ट्रान्सफॉर्मरबद्दलही (भाषेच्या मॉडेलांमागचं न्यूरल नेटवर्क) एक नोंद. २०२३ मध्ये झेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका थराचं साधं रेषीय मॉडेल, त्या वेळी गाजत असलेल्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलांना नेहमीच्या चाचणी-डेटांवर मागे टाकतं. चलनाच्या विनिमय दराच्या डेटावर तर शेवटचा आकडा तसाच पुढे ओढला तरी ते सगळे हरत होते. कांद्याचा भाव विनिमय दरासारखा जास्त वागतो, विजेच्या मागणीसारखा कमी.

निफाडकर

पद्धतींवर यायच्या आधी डेटाबद्दल बोलू या का? निम्मे निबंध तिथेच फसतात.

पणन मंडळाच्या किंवा ॲगमार्कनेटच्या (केंद्राचं बाजारभावाचं संकेतस्थळ) आकड्यांत रोज आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतो. घ्यायचा तो सर्वसाधारण दर. पण आधी हे बघा:

लासलगावच्या नावाने एकापेक्षा जास्त नोंदी असतात. मुख्य आवार वेगळं, निफाड आणि विंचूर उपबाजार वेगळे. तिन्ही एकाच मालिकेत मिसळले की एकाच तारखेला तीन भाव येतात आणि त्यांची सरासरी घेणारा प्रोग्राम गपचूप काहीतरी भलतंच काढतो.

लाल (खरिपाचा) आणि उन्हाळ वेगळे ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातून आलेला नवा लाल एकाच दिवशी, वेगवेगळ्या दराने विकले जातात. मार्च-एप्रिलमध्ये उलटी अदलाबदल. मालिका मिसळली तर जात बदलल्याची उडी भावाची उडी म्हणून नोंदली जाते आणि मॉडेल तिच्यातच 'ऋतुमान' शोधत बसतं.

टंकनाच्या चुका: एखादं शून्य जास्त, किमान दर सर्वसाधारणपेक्षा मोठा, किलोचा भाव क्विंटलच्या रकान्यात. नियम साधा ठेवा. किमान ≤ सर्वसाधारण ≤ कमाल हे पाळलं जात नसेल तर ती नोंद वगळा. आदल्या पाच नोंदींच्या मध्यकापेक्षा अडीचपट वर किंवा खाली असेल तर हाताने तपासा. आपोआप उडवू नका, कारण कांद्यात खरी उसळीही तशीच दिसते.

सुट्ट्या: दिवाळीत, मार्चअखेरीस, बंदच्या काळात लिलाव होत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या समित्यांत लिलाव बंद पडले होते. या खिडक्या रेषेने जोडून भरू नका. बंदनंतरचा भाव वापरून बंदमधले दिवस भरले, म्हणजे पुढची माहिती मागे आली. दैनिक मालिकेचा हट्ट सोडा आणि आठवड्याचा मध्यक घ्या, आवकेने भारित असेल तर उत्तम. रिकामा आठवडा रिकामाच ठेवा किंवा मागचा आकडा पुढे ओढा.

आकडेमोड

निफाडकर, तुमचा शेवटचा मुद्दा म्हणजे गळतीच्या मोठ्या प्रश्नाचं एक टोक आहे. भविष्याची माहिती चोरून प्रशिक्षणात शिरणं हा या विषयातला सगळ्यांत सर्रास दोष. कुठून शिरते ते सांगतो.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे आधी विघटन, मग विभागणी. 'ईएमडी-एलएसटीएम', 'व्हीएमडी-अमुक', 'वेव्हलेट-तमुक' अशी नावं दिसली की थांबा. संपूर्ण मालिका आधी लहान-मोठ्या लहरींत फोडतात, मग प्रत्येक लहरीचे ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (परीक्षेचा) असे भाग करतात. पण फोडताना प्रत्येक बिंदूवर त्याच्या पुढच्या बिंदूंचा प्रभाव पडलेला असतो. टेस्टमधली चूक मग आश्चर्यकारक कमी येते. योग्य रीत म्हणजे प्रत्येक आरंभबिंदूला (ज्या तारखेला बसून अंदाज करायचा तिथे) फक्त तोपर्यंतचा डेटा घेऊन विघटन नव्याने करायचं. तसं केलं की बहुतेक फायदा विरघळतो. एसटीएल या विघटन पद्धतीने ऋतुमान काढणं, मध्यभागी बसवलेली चल सरासरी, यांनाही हेच लागू.

मग स्केलिंग, म्हणजे सगळे आकडे ०ते १ सारख्या एका मापात बसवणं. किमान-कमाल संपूर्ण मालिकेतून घेतली की मॉडेलला आधीच कळतं की पुढे कधीतरी भाव ६,००० ला जाणार आहे.

तिसरं, कधी थांबायचं आणि किती थर ठेवायचे हे टेस्टवरच्या चुकीकडे बघून ठरवणं. यासाठी वेगळा पडताळणीचा भाग हवा, तोही काळाच्या क्रमाने. यादृच्छिक के-फोल्ड (डेटाचे भाग वाटेल तसे मिसळून आळीपाळीने परीक्षा) इथे चालत नाही.

आणि एक बारीक भानगड: काही प्रसिद्ध कोडमध्ये टेस्टच्या वेळी शेवटची अपुरी बॅच (मॉडेलला एका वेळी दिलेला नोंदींचा गठ्ठा) टाकून दिली जायची. बॅचचा आकार बदलला की टेस्टमधले बिंदूच बदलतात, आणि दोन पद्धतींची तुलना दोन वेगळ्या परीक्षांवर होते.

वडाची_पारंबी

आवक आणि पाऊस मॉडेलमध्ये घातला की अचूकता वाढते असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. तीही गळतीच का?

सांख्यिकी_सुधा

घालायला हरकत नाही, पण कुठल्या तारखेची आवक? सप्टेंबरचा भाव सांगताना सप्टेंबरची खरी आवक वापरली असेल, तर तो अंदाज नव्हे, ते मागाहून दिलेलं स्पष्टीकरण. एप्रिलमध्ये बसून सप्टेंबरची आवक कोणाला माहीत असते? तिचाही अंदाजच करावा लागतो आणि त्याची चूक भावाच्या चुकीत मिळते. कसोटी एकच: प्रत्येक रकान्यापुढे लिहा की हा आकडा कुठल्या तारखेला जाहीर झाला. जाहीर होण्याची तारीख आरंभबिंदूच्या आधीची असेल तर वापरा, नसेल तर नाही. सरकारी उत्पादन अंदाजही पुढे सुधारले जातात. आज संकेतस्थळावर दिसतो तो सुधारलेला आकडा, त्या वेळचा नव्हे.

रांगडा

सगळे मोजमापाला हात न लावता पुढे चाललेत. एमएपीईवर (चुकीची सरासरी टक्केवारी) कोणीतरी लिहा, त्याने फार घोळ होतो.

खरा भाव १,००० आणि अंदाज ३,०००: चूक २०० टक्के. खरा ३,००० आणि अंदाज १,०००: चूक ६६.७ टक्के. दोन्हीकडे फरक २,००० चाच. म्हणजे एमएपीई कमी ठेवायचा सोपा उपाय म्हणजे नेहमी कमी सांगणं. आणि उसळी येणाऱ्या पिकात कमी सांगणं हीच नेमकी महागात पडणारी चूक.

आकडेमोड

बरोबर. पर्याय म्हणून हाइंडमन आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मेस हे मोजमाप सुचवलं: तुमची सरासरी निरपेक्ष चूक भागिले प्रशिक्षणाच्या काळातली नाईव्हची एक-पाऊल चूक. चांगलं आहे, पण लांबच्या अंदाजाला एक अडचण. २४ आठवडे पुढची चूक एका आठवड्याच्या चुकीने भागली तर उत्तर एकाच्या बरंच वर येणार, आणि वाचणारा म्हणणार की पद्धत नाईव्हपेक्षा वाईट. म्हणून आपल्या कामाला सरळ गुणोत्तर घ्या: त्याच आरंभबिंदूंवर, त्याच २४ आठवड्यांवर, तुमची चूक भागिले नाईव्हची चूक. ०.९० आलं तर दहा टक्के सुधारणा. १ च्या वर आलं तर मॉडेल कचऱ्यात.

अजून एक. निरपेक्ष चूक कमी करणारा अंदाज हा मध्यक असतो, वर्ग-चूक कमी करणारा सरासरी. कांद्याच्या भावाचं वितरण उजवीकडे लांबलेलं, म्हणून दोघांत बरंच अंतर पडतं. लॉग घेऊन मॉडेल बसवलं आणि परत घातांक घेतला की हातात मध्यक येतो. सरासरी हवी असेल तर σ²/२ (σ म्हणजे लॉगमधलं प्रमाण विचलन) मिळवून घातांक घ्यावा लागतो. २४ आठवड्यांना लॉगमधली σ ०.५ धरली तर सरासरी मध्यकापेक्षा १३ टक्के वर. एक मॉडेल लॉगमध्ये आणि दुसरं साध्या रुपयांत बसवून दोघांची आरएमएसई (वर्ग-चुकांच्या सरासरीचं वर्गमूळ) तुलना करणारे ही १३ टक्क्यांची गोष्ट विसरतात.

निफाडकर

मग चाळीच्या निर्णयासाठी प्रत्यक्ष करायचं काय? पायऱ्या सांगा.

आकडेमोड

साप्ताहिक मध्यकाची, एकाच जातीची, दहा ते पंधरा वर्षांची मालिका घ्या आणि लॉग घ्या.

दोन मापदंड उभे करा. पहिला नाईव्ह: एप्रिलचा भाव तसाच सप्टेंबरला. दुसरा हंगामी गुणोत्तराचा: मागच्या प्रत्येक वर्षी सप्टेंबरचा भाव भागिले एप्रिलचा भाव, त्यांच्या लॉगचा मध्यक, आणि तो एप्रिलच्या आजच्या भावाला लावायचा. गुणोत्तरं पंधराच असल्यामुळे त्यातला निम्माच परिणाम धरा. थीटामधला 'निम्मा' इथे कामाला येतो. थोड्या डेटावरून काढलेला आकडा शून्याकडे खेचला की चूक सहसा कमीच होते. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचा भाव जसाच्या तसा उचलणारा हंगामी नाईव्ह मात्र कांद्यात निकामी, कारण वर्षावर्षातली पातळीच वेगळी असते.

मग तीन-चार साधी मॉडेलं. साधं स्मूदिंग, डॅम्प्ड ट्रेंड (कल पुढे हळूहळू विझवणारं स्मूदिंग), आणि अरिमा ज्यात वर्षाचं ऋतुमान फूरियेच्या (साइन-कोसाइन लहरींच्या) दोन-तीन जोड्यांनी दिलंय. साप्ताहिक डेटात ५२ खणांचं ऋतुमान होल्ट-विंटर्सला (कल आणि ऋतुमान दोन्ही धरणारं स्मूदिंग) देऊ नका. वर्षात आठवडे ५२.१८ असतात, आणि पंधरा वर्षांत प्रत्येक खणाला पंधराच आकडे मिळतात. डॅम्पिंगशिवायचा होल्ट तर नकोच. मार्चमध्ये भाव घसरत असताना त्याला २४ आठवडे पुढे सोडलं की तो भाव मातीमोल करून ठेवतो, आणि ऑक्टोबरच्या तेजीत सोडलं की गगनाला भिडवतो. गार्डनर आणि मॅकेन्झी यांनी १९८५ मध्ये डॅम्पिंगचा गुणक आणला तो यासाठीच. तो ०.८ ते ०.९८ मध्ये बांधून ठेवा.

या सगळ्यांची सरळ सरासरी घ्या. वजनं काढत बसू नका. बेट्स आणि ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये 'उत्तम वजनांचं' सूत्र दिलं, पण प्रत्यक्षात वजनं काढतानाची चूक त्यांच्या फायद्यापेक्षा मोठी ठरते आणि समान वजन पुन्हापुन्हा जिंकतं.

परीक्षा रोलिंग ओरिजिनने. पहिली पाच वर्षं प्रशिक्षण, २४ आठवडे पुढचा अंदाज, चूक नोंदवा, चार आठवडे पुढे सरका, सगळं पुन्हा बसवा. दहा वर्षांत असे सुमारे १३० आरंभबिंदू मिळतात. त्यातले मार्च ते जूनचे वेगळे काढून त्यांची चूक स्वतंत्र बघा, कारण चाळ भरायचा निर्णय तेव्हाच होतो.

सांख्यिकी_सुधा

१३० वर हुरळून जाऊ नये. चार-चार आठवड्यांनी सरकणाऱ्या २४ आठवड्यांच्या खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असतात. खऱ्या अर्थाने वेगळ्या खिडक्या दहा वर्षांत जेमतेम २१-२२. म्हणून डिबोल्ड-मरियानो चाचणी (दोन पद्धतींच्या चुकांतला फरक खरा की योगायोग हे बघणारी) लावताना चुकांमधला परस्परसंबंध धरणारं प्रचरण घ्या, आणि लहान नमुन्याची हार्वे-लेबोर्न-न्यूबोल्ड दुरुस्तीही लावा. तसं केल्यावर तीन टक्क्यांची सुधारणा 'सिद्ध' होणं जवळपास अशक्य. निबंधात दोन पद्धतींमध्ये दोन टक्के फरक आणि एकच टेस्ट-काळ असेल, तर तो फरक मी शून्यच धरते.

रांगडा

आणि निर्यातबंदी? सप्टेंबर २०१९ ला बंदी, सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला बंदी, मग मे २०२४ मध्ये ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह उठवली. कुठल्या स्मूदिंगला हे कळणार?

आकडेमोड

कुठल्याच नाही, आणि एलएसटीएमलाही नाही. बंदीच्या काळासाठी ०-१ चा रकाना घालणारे निबंध आहेत. मागच्या भावांचं स्पष्टीकरण म्हणून ठीक, पण पुढच्या सप्टेंबरला त्या रकान्यात काय भरणार? शिवाय बंदी भाव चढला म्हणून येते. कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी चालतात, म्हणून त्या रकान्याचा गुणांक 'बंदीने भाव वाढतो' असाही येऊ शकतो. दोन परिस्थिती स्वतंत्र मांडणं जास्त प्रामाणिक: बंदी नसेल तर हा पट्टा (भाव ज्या दोन आकड्यांमध्ये राहील असं वाटतं ते अंतर), बंदी आली तर हा.

तुमच्या यादीतच उत्तराचा दुसरा भाग आहे. धक्के बहुतेक ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये पडलेत, चाळीतला साठा उतरणीला लागलेला आणि खरिपाचा लाल पावसावर टांगलेला असताना. म्हणून चुकांचा पट्टा वर्षभर एकाच रुंदीचा ठेवू नका. रोलिंग ओरिजिनमधल्या प्रत्यक्ष चुका लक्ष्य-महिन्याप्रमाणे गोळा करा आणि त्यांचेच १० वे आणि ९० वे शततमक घ्या. सूत्राने येणारे पट्टे बहुतेक वेळा अरुंद असतात. ९५ टक्के म्हणवणारे पट्टे प्रत्यक्षात ७१ ते ८७ टक्के वेळाच खरे ठरतात, असं हाइंडमन आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं.

निफाडकर

रुपयांत उदाहरण द्याल?

आकडेमोड

समजा एप्रिलचा भाव १,५००. चाळीत सप्टेंबरपर्यंत सड, कोंब आणि वजनघट मिळून ३० टक्के गेले, आणि साठवणूक-मजुरी-व्याज क्विंटलमागे २०० रुपये. मग सप्टेंबरला निदान (१,५०० + २००) ÷ ०.७, म्हणजे सुमारे २,४३० भाव हवा. त्याच्या खाली साठवण तोट्यात.

आठवड्याच्या लॉग-बदलाची σ ०.१० धरली तर २४ आठवड्यांची साधारण ०.४९, सोयीसाठी ०.५. नाईव्हचा मध्यक १,५०० वरच. ८० टक्के पट्टा सुमारे ७९० ते २,८४५. एवढा रुंद पट्टा बघून लोक नाराज होतात, पण कांदा असाच आहे. २,४३० च्या वर जाण्याची शक्यता १७ टक्के. हंगामी गुणोत्तर, निम्मं करून, लॉगमध्ये ०.२५ आलं तर तीच शक्यता ३२ टक्के. म्हणजे १,५०० ला सगळा माल चाळीत घालणं हा जुगार. तेच एप्रिलमध्ये ८०० भाव असेल तर सगळं गणित नव्याने करावं लागतं, कारण फार खाली गेलेला भाव पुढे वर यायची शक्यता जास्त. तेवढं अरिमाच्या सरासरीकडे खेचणाऱ्या भागातून मिळतं.

शक्यता सांगणाऱ्या अंदाजाची परीक्षा ब्रायर गुणांकाने (सांगितलेली शक्यता आणि घडलेलं यांच्या फरकाचा वर्ग, कमी तितका चांगला). ०.७ म्हणालात आणि घडलं तर (०.३)² = ०.०९, नाही घडलं तर ०.४९. डोळे मिटून ०.५ म्हणणाऱ्याला कायम ०.२५. पंधरांपैकी सहा वर्षं भाव पातळीच्या वर गेला असेल तर दरवर्षी ०.४ म्हणणाऱ्याला सरासरी ०.२४. हा आकडा हरवायचा.

सांख्यिकी_सुधा

थोडं अवांतर, पण 'नेहमीचंच सांगणारा' मापदंड किती महत्त्वाचा याचं उदाहरण आपल्याच हवामान खात्यात आहे. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल मोसमी पावसाच्या अंदाजासाठी वापरात होतं. वर्षानुवर्षं अंदाज 'बरोबर' येत गेले. पण १९८८ ते २००१ मध्ये देशपातळीवर एकही दुष्काळी वर्ष नव्हतं. दरवर्षी 'सरासरीइतका' एवढंच म्हणणाराही जवळपास तेवढाच यशस्वी ठरला असता. २००२ साठी अंदाज होता १०१ टक्के, पाऊस पडला ८१ टक्के. जुलैमध्ये तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. काही दशकांच्या डेटावर सोळा घटक बसवले की जुने संबंध सैल पडल्याचं लक्षातच येत नाही. त्यानंतर घटक कमी केले, आणि आता तर कमी, सरासरी, जास्त अशा प्रत्येक गटाची शक्यताही जाहीर होते. ती तपासता येते, हे मोठं काम झालं.

वडाची_पारंबी

क्रोनॉस, टाइम्सएफएम वगैरे तयार मॉडेलं लावून बघायला हरकत आहे का? काही शिकवावं लागत नाही म्हणतात.

आकडेमोड

लावा, पण सरासरीतला एक सदस्य म्हणून. एक धोका आहे: त्यांच्या प्रशिक्षणात सार्वजनिक मालिका भरपूर आहेत. २०१९ वर परीक्षा घेतलीत आणि तो काळ मॉडेलने आधीच पाहिलेला असला, तर निकाल फुगतो. मॉडेल प्रसिद्ध झालं त्या तारखेनंतरच्या आठवड्यांवरच त्याला गुण द्या. हंगाम थोडेच मिळतील, पण तेवढेच खरे.

रांगडा

आणि सगळं दर चार आठवड्यांनी पुन्हा बसवायचं? की एकदा बसवून चालेल?

सांख्यिकी_सुधा

स्मूदिंग आणि अरिमा दर वेळी बसवा, सेकंदांचं काम आहे. आर मधलं फेबल किंवा पायथनमधलं स्टॅट्सफोरकास्ट वापरलंत तर रोलिंग ओरिजिन तयारच मिळतं. फूरियेच्या जोड्या किती, गुणक कुठे बांधायचा, कुठली मॉडेलं सरासरीत, हे मात्र वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत ठरवा आणि हंगाम संपेपर्यंत हात लावू नका. दर वेळचा अंदाज, त्याचा पट्टा आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या डेटाची प्रत तारखेसह जपून ठेवा. नाहीतर नोव्हेंबरमध्ये चूक मोजताना सुधारलेल्या आकड्यांवर मोजली जाते, आणि एप्रिलमध्ये नेमकं काय म्हटलं होतं यावर वाद होतो.